डॉक्टरसाहेब, पोराला विमानात झोपेचं औषध देऊ का?

परवा ओपीडीत शेवटच्या नंबरावर रिसोड तालुक्यातले एक काका आले. बीपी तपासून झाला, गोळ्या तशाच चालू ठेवा म्हणून सांगितलं, तरी उठेनात. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पोरगं जर्मनीले आहे माहं. आता सूनबाई चालली दोन पोट्टे घेऊन. एकटीच. लहानं लय रडते. त्याले विमानात झोप लागंल असं काही लिहून द्या ना.”

मी नाही म्हटलं. काकांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. “मागं तर देल्लं होतं तुमी. आमच्या साळ्याच्या नातवाले.”

दिलं होतं. खोटं कशाला बोलू? एकेकाळी लांबच्या प्रवासाला निघालेल्या आईबापांना मी सर्दीच्या औषधांपैकी झोप आणणारं एखादं सिरप लिहून देत असे. एसटीचा प्रवास असो, रेल्वेचा असो, नाहीतर विमानाचा. सगळेच देत होते, मीही देत होतो. ते का सोडलं, हे काकांना त्या दिवशी पाच मिनिटांत सांगता आलं नाही. बाहेर कंपाउंडर शटर ओढायच्या तयारीत होता. म्हणून इथे लिहितो. वाशिमसारख्या जिल्ह्यातूनही आता घरटी नाही तरी गल्लीत एखादं पोरगं परदेशात आहे, आणि लहान लेकरं घेऊन परक्या विमानतळावरून जाणाऱ्या सुना, लेकी आणि त्यांच्या सोबतीला निघालेले आजी-आजोबा माझ्याकडे नेहमी येतात.

मे २०२३ मधली गोष्ट. माझी मुलगी दोन लेकरांना घेऊन माहेरी आली होती. थोरला नातू साडेतीन वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. जावई न्यू जर्सीला, त्यांना सुट्टी नव्हती. परतताना सोबत म्हणून मी निघालो. नागपूरहून पहाटेचं दोह्याचं विमान, तिथे काही तासांचा थांबा आणि मग न्यूयॉर्क. पहिला टप्पा साधारण साडेचार तासांचा, दुसरा जवळजवळ चौदा तासांचा. त्याआधी वाशिम ते शेलूबाजार आणि तिथून समृद्धी महामार्गाने नागपूर. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि आपल्याकडच्या माणसाला नागपूरचं विमानतळ एकदम जवळ आलं. रस्ता चांगला, पण मे महिन्यात संध्याकाळीही गाडीबाहेर हात काढला तर भाजतो.

नातू भारतात येताना विमानात खूप रडला होता, असं मुलीने सांगितलं होतं. मी म्हटलं, “काळजी करू नको, मी आहे ना.” डॉक्टर आजोबा सोबत असल्याचा हा तोटा. प्रोमेथाझिनचं सिरप घेतलं. वजन करून, डोस मोजून, विमानात बसायच्या अर्धा तास आधी पाजलं.

पुढचे साडेतीन तास तो पोरगा झोपला नाही. नुसता जागा राहिला असता तरी चाललं असतं. पण तो पिसाळल्यासारखा झाला. सीटवर उभा राहायचा, पट्टा ओढायचा, आईला मारायचा, मध्येच हसायचा, लगेच किंचाळायचा. डोळे लाल, तोंड कोरडं. आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघत होते आणि मी खिडकीकडे बघत होतो.

ह्याला आम्ही उलटी प्रतिक्रिया म्हणतो. ही जुनी अँटीहिस्टामिन औषधं मेंदूत शिरतात. बहुतेकांना त्याने गुंगी येते, पण काही लहान मुलांमध्ये नेमकं उलटं होतं. मेंदूतला जो भाग मुलाला आवरून धरतो तोच आधी सैल पडतो आणि मूल अनावर होतं. कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पुस्तकात मी हे एमडीला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही असेल. गंमत म्हणजे विमान पहाटेचं होतं. काहीच दिलं नसतं तर तो पोरगा आपसूक झोपला असता.

खरी भीती पुढेच होती. विमान दोह्याला उतरायला लागलं आणि त्याने मान टाकली. उतरताना उठवलं, उठेना. खांद्यावर टाकलं, तर नुसतं पोतं.

त्यात आम्ही आणखी एक चूक करून ठेवली होती. मुलांची ढकलगाडी, म्हणजे स्ट्रोलर, नागपूरच्या काउंटरवर इतर सामानासोबत देऊन टाकली होती. ती थेट न्यूयॉर्कला मिळणार होती. तिथे एवढंच विचारायचं असतं की ही विमानाच्या दारापर्यंत नेता येईल का आणि मधल्या विमानतळावर हातात परत मिळेल का. बऱ्याच ठिकाणी तशी चिठ्ठी लावून देतात. प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक विमानतळाचा नियम वेगळा, म्हणून विचारायचं. आम्ही विचारलंच नाही. परिणामी पंधरा किलोचा झोपलेला नातू माझ्या खांद्यावर, धाकटी मुलीच्या कडेला, दोन पिशव्या आणि समोर पुन्हा सुरक्षा तपासणीची रांग. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

दोह्याचं हमद विमानतळ मोठं देखणं आहे. मध्यभागी एक पिवळं, डोक्यातून दिवा निघालेलं प्रचंड टेडी बेअर बसलं आहे. उर्स फिशर या स्विस कलावंताचं काम, सुमारे ७ मीटर उंच. लेकरांना खेळायला जागा आहेत, इमारतीच्या आतून छोटी रेल्वे धावते. नातवाला हे सगळं दाखवायचं म्हणून मी महिनाभर गोष्टी सांगितल्या होत्या. तो त्या अस्वलासमोरून माझ्या खांद्यावर लाळ गाळत गेला.

एका बाकावर बसलो. त्याला कुशीवर झोपवलं, मान सरळ केली आणि घड्याळ समोर धरून श्वास मोजायला लागलो. या वयाचं मूल झोपेत मिनिटाला साधारण २० ते ३० वेळा श्वास घेतं. २४ भरले. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले. २२. ओठ गुलाबी. पायाला चिमटा घेतला, पाय ओढला. ठीक. पण गुंगीतल्या मुलाची हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दुमडल्यासारखी होते, आणि जागं मूल जशी मान आपोआप वर करतं तशी गुंगीतलं करत नाही. विमानात अंधार करतात, मुलावर पांघरूण असतं, आईचाही डोळा लागतो. मी ज्या ज्या आईबापांना हे औषध दिलं त्यांच्यापैकी कोण बसलं होतं असं श्वास मोजत? मीच एकालाही मोजायला सांगितलं नव्हतं.

मुलगी धाकटीला पाजून आली. “बाबा, काय मोजताय?”

“काही नाही.”

ती डॉक्टरची मुलगी आहे. शेजारी बसली, तिनेही मोजले. मग म्हणाली, “पुढच्या विमानात ते औषध नको. रडला तर रडू दे.” मी बाटली पिशवीतून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दोन तासांनी नातू उठला, पाणी प्यायला आणि “अस्वल कुठंय?” म्हणाला. तेव्हा कुठे मला चहा प्यावासा वाटला.

आता वैद्यकीय भाग. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये. श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यावर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सर्दीचं जे सिरप आपल्याकडे घरोघरी फ्रिजवर असतं, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं, ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर लिहा, असा आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. म्हणजे माझ्या प्रवासानंतर सातच महिन्यांनी. मोठ्या मुलाला गाडी लागण्याचा खरोखर त्रास असेल तर डॉक्टर विचार करून औषध देतील, ती गोष्ट वेगळी. पण मूल शांत बसावं, शेजाऱ्यांनी तोंड वाकडं करू नये, म्हणून औषध देणं मी बंद केलं. विमानातला शेजारी पुन्हा भेटत नाही.

मग रडणाऱ्या मुलाचं काय करायचं? आधी ते का रडतं ते पाहू. सगळ्यांत मोठं कारण कान. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. विमान खाली येऊ लागलं की केबिनमधला दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो. आपण जांभई देतो, आवंढा गिळतो, नळी उघडते, ‘टक’ असा आवाज येतो आणि बरं वाटतं. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, सर्दी असेल तर सुजलेलीही. आणि बाळाला गिळ असं सांगता येत नाही. म्हणून विमान उतरायला लागताच त्याला पाजायचं. अंगावरचं दूध, बाटली, पाण्याचा सिपर, जे चालत असेल ते. इथे चूक होते ती वेळेची. आई विमान वर चढतानाच पाजून टाकते, आणि उतरताना बाळ झोपलंय म्हणून उठवत नाही. दुखणं जास्त उतरताना असतं. जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीपासून विमान खाली यायला लागतं, तेव्हा बाळाला हळूच जागं करा आणि पाजा. झोपेत आपण गिळतोही कमी. कान फुटून वाहत असेल, ताप असेल किंवा नुकतंच कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर तिकीट पुढे ढकलायचं का, हे डॉक्टरांना दाखवून ठरवा.

दुसरं कारण तहान. विमानातली हवा फार कोरडी असते, दमटपणा १० ते २० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारसारखीच, फक्त थंड असल्यामुळे कळत नाही. त्यात आई विचार करते, पाणी पाजलं की सू, आणि सू म्हटलं की ती एवढीशी संडासाची खोली. म्हणून पाणी कमी देते. देत राहा. दहा महिन्यांच्या बाळाला डायपर असतोच. साडेतीन वर्षांच्या मुलालाही एका दिवसासाठी लावला तरी त्याची सवय बिघडत नाही.

तपासणीला १०० मिलिलिटरचा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि त्या भीतीने लोक बाळाचं दूधही ओतून देतात. बाळाचं दूध, अंगावरचं काढलेलं दूध, पातळ खाणं यांना बहुतेक देशांत वेगळी सवलत आहे. अमेरिकेत तर स्पष्टच आहे: गरजेपुरतं कितीही, १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असलं तरी चालतं. अट एवढीच की ते पिशवीतून बाहेर काढून अधिकाऱ्याला आपणहून आधी सांगायचं. ते तपासतात, थोडा वेळ लागतो. ही पिशवी सगळ्यांत वर ठेवा. मुलीने ती सगळ्यांत खाली ठेवली होती आणि वरचे कपडे, खेळणी, डायपर, सगळं त्या टेबलावर मांडलं गेलं. आठवडी बाजारच.

तपासणीच्या त्या प्लॅस्टिकच्या ट्रेबद्दल सांगण्यासारखं आहे. फिनलंडच्या हेलसिंकी विमानतळावर २०१५-१६ च्या हिवाळ्यात संशोधकांनी ठिकठिकाणचे पृष्ठभाग पुसून सर्दी-फ्लूच्या विषाणूंचा शोध घेतला. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या आठ ट्रे-नमुन्यांपैकी चारांवर विषाणूंचा अंश सापडला. मुलांच्या खेळण्याच्या जागेतल्या प्लॅस्टिकच्या कुत्र्यावरही सापडला. आणि संडासात एकाही नमुन्यात नाही! नमुने थोडे होते, आणि अंश सापडला म्हणजे जिवंत विषाणू होताच असं नाही. तरी मला पटतं ते. संडासातून आल्यावर आपण हात धुतो, ट्रेला हात लावल्यावर धुतो का? आपण बूट, फोन, पट्टा ठेवतो त्याच ट्रेमध्ये मुलाचं टेडी ठेवतो आणि पलीकडे गेल्यावर ते त्याच्या तोंडात. तपासणी संपली की पहिलं काम हात धुणं, मुलांचेही. साबण-पाणी मिळालं तर उत्तम, कारण उलट्या-जुलाबाचे काही विषाणू सॅनिटायझरला फारसे दाद देत नाहीत.

उलट्या-जुलाबांवरून ओआरएस आलं. पाकिटं घेताना लहान घ्या. मोठं, २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि विमानतळावर लिटर मोजायला तांब्या नसतो. साधारण ४ ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलिलिटरसाठी असतं. बाळाच्या दुधाच्या मोठ्या बाटलीवर २०० ची खूण असते, तिथपर्यंत पाणी, त्यात पूर्ण पाकीट. अंदाजाने अर्धं पाकीट टाकू नका. आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या. फळांच्या चवीचे, खोक्यातले गोड पाणी विकणारेही ‘ओआरएस’ हे नाव लावत होते, २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. जुलाब होणाऱ्या मुलाला जास्त साखरेचं पाणी पाजलं तर जुलाब वाढतात.

तापाच्या औषधाचा घोटाळा तर परदेशात हमखास होतो. आपण म्हणतो, ‘एक चमचा दे.’ कुठलं एक चमचा? आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये कुठे १२० मिलिग्रॅम असतं, कुठे २५०. दुप्पट फरक. बाळांचे थेंब तर आणखी तीव्र. बारा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे किलोला १५. ते पहिल्या बाटलीतून साडेसात मिली होतं, दुसऱ्यातून साडेतीनच्या जरा वर. अमेरिकेत हेच औषध पॅरासिटामॉल या नावाने मिळणारच नाही, तिथे ते ॲसिटामिनोफेन, आणि मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १६०. आपली बाटली संपली, तिथली आणली, दोन्ही वेगळी औषधं समजून दोन्ही दिली, असं घडतं. माझ्या एका पेशंटच्या घरी घडलं आहे, वेळेवर फोन आला म्हणून निभावलं. मुलाचं वजन आणि मिलिग्रॅममधला डोस कागदावर लिहून घेऊन जा. सोबत प्रिस्क्रिप्शन, त्यावर औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नव्हे.

आता आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्याकडे वळतो. लेकरांसोबत जाताना सगळं लक्ष लेकरांच्या पिशवीकडे, आणि अडकतो तो आजोबांचा डबा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल, झोपेसाठी अल्प्राझोलाम, पायांच्या जळजळीसाठी प्रीगाबालिन. आपल्या गावांत ही औषधं किती सहज चालू असतात ते मला माहीत आहे, मीच लिहितो. आखाती देशांत ही अमली पदार्थांच्या कायद्याखाली येऊ शकतात. कतारमधल्या भारतीय दूतावासाने अशा औषधांबद्दल भारतीयांना मुद्दाम सावध केलेलं आहे. शेजाऱ्याने ‘आमच्या पोराला एवढं पाकीट द्या’ म्हणून दिलेलं औषध तर अजिबात घेऊ नका, तो कितीही जवळचा असो. तुमची स्वतःची औषधं गरजेची असतील तर त्या देशाचा नियम आधी बघा, परवानगी लागत असेल तर काढा. मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, लागतील तेवढीच.

आणि खसखस! आमच्या घरी निघायच्या आदल्या रात्री बायकोने नातवासाठी अनारसे तळून डब्यात भरले होते. खसखस अफूच्या झाडाचं बी. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे ती नेता येत नाही. आमचा थांबा आखातातच होता, नसती परीक्षा कशाला, म्हणून मी डबा काढून ठेवला. बायको दोन दिवस बोलली नाही. म्हणजे फोनवर. डिंकाच्या लाडवात, गरम मसाल्याच्या पुडीत, आमटीच्या वाटणातही खसखस असते, ते मात्र आईच्या लक्षात राहत नाही. डबा भरणाऱ्या बाईलाच विचारा.

कागदपत्रांत एक कागद लोक विसरतात. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जात असतील, तर दुसऱ्याचं संमतीपत्र. माझा मुलगा अमुक, माझी मुलगी तमुक, पासपोर्ट नंबर असे, आईसोबत अमुक तारखेला प्रवास करत आहेत, माझी हरकत नाही, आणि माझा फोन नंबर. नोटरीसमोर सही करून इंग्रजीत. सगळीकडे मागतातच असं नाही, पण मुलं पळवून नेण्याचे प्रकार होतात म्हणून अमेरिकेसारखे देश असं पत्र सोबत ठेवायला सांगतात. जावयांनी तिकडून पाठवलं होतं. न्यूयॉर्कला अधिकाऱ्याने विचारलं, “वडील कुठे आहेत?” मुलगी पत्र काढेपर्यंत नातवाने काचेच्या दरवाज्याकडे बोट दाखवून सांगितलं, “तिकडे. बाहेर.” अधिकारी हसला, तरी पत्र वाचलंच.

तिथे आमची आणखी एक पंचाईत होती. लेकरं जन्माने अमेरिकन, मुलगी आणि मी भारतीय पासपोर्टवाले. रांगा वेगळ्या. रांग लावणाऱ्या बाईंना मुलीने विचारलं, त्यांनी चौघांनाही एकत्र पाठवलं. लहान मुलं सोबत असली की विचारावं, लाजू नये. फार तर नाही म्हणतील.

गर्दीत मूल हरवू नये म्हणून आपल्याकडे जी युक्ती आहे तिला परदेशातही तोड नाही. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत लेकरांच्या हातावर आईबाप बॉलपेनने मोबाइल नंबर लिहितात. तेच करायचं, फक्त पुढे देशाचा आकडा लिहायचा. निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यातला पूर्ण फोटो काढून ठेवा. मूल सापडेनासं झालं की आई घाबरते आणि शर्टाचा रंगही आठवत नाही. आणि दोघं मोठे असाल तर कोणतं मूल कुणाचं हे वाटून घ्या. ‘मला वाटलं तुमच्याकडे आहे’ हे वाक्य मी तपासणीनंतर बूट घालताना ऐकलंय. नातू चार पावलांवर पाण्याच्या नळाशी होता, पण ती चार पावलं मला अजून आठवतात.

दोह्याहून पुढच्या चौदा तासांत नातू दोनदा रडला. एकदा भूक लागली म्हणून आणि एकदा उतरताना कान दुखला म्हणून. पाणी पाजलं, थांबला. बाकी वेळ त्याने समोरच्या सीटवरच्या आजीबाईंशी लपाछपी खेळली आणि आठ-नऊ तास झोपला. धाकटी तिच्या वेळेवर उठली, तिच्या वेळेवर झोपली. न्यू जर्सीला पोहोचल्यावर आठवडाभर दोघंही रात्री दोनला उठून खेळायची. त्यावर औषध नाही. सकाळी उन्हात न्यायचं, दुपारची झोप आटोपती ठेवायची, आपोआप बसतं.

काकांना परवा मी हे सगळं सांगितलं नाही. कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: पॅरासिटामॉलचा डोस दोघांच्या वजनाप्रमाणे, ओआरएसची छोटी पाच पाकिटं, उतरताना पाजायचं, स्ट्रोलरचं काउंटरवर विचारायचं, बापाचं पत्र. प्रवासाआधी दोन-तीन आठवडे फ्लूची लस, सहा महिन्यांवरच्या बाळालाही देता येते, ती बालरोगतज्ज्ञांकडून. खसखस जर्मनीला चालते, तिकडे तर तिचे केक करतात. मात्र युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खवा, पनीर, पेढे नाही. बाळाच्या दुधाची पावडर दोन किलोपर्यंत चालते.

काका कागद वाचत होते. पेढ्यांच्या ओळीवर थांबले.

“म्हंजे, अनारसे चालते आन् पेढे नाई?”

“नाही.”

“सूनबाईच्या मायनं तीन किलो आणून ठेवले ना.”

काल त्यांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. सूनबाई पोहोचली, लहान पोट्टं उतरताना रडलं तेवढंच. आणि पेढे घेऊन उद्या ओपीडीत येतो, साखर आहे का तुम्हाले, ते आधी सांगा.